भिंती उरल्या, पोथ्या गेल्या

जळगाव-भुसावळकडचा पाहुणा दिवाळीच्या सुट्टीत बुऱ्हाणपूरला आला, म्हणजे त्याला काय दाखवायचे याची यादी आमच्या गावात ठरलेली आहे. शाही किल्ला, किल्ल्यातला हमाम, तापीपलीकडचा आहुखाना, वेळ उरलाच तर उतावली नदीवरचा महाल गुलारा. आणि परतताना मावा जिलेबी व दराबा. वाटाड्याही ठरलेला आणि त्याची गोष्टही ठरलेली. हमामात मुमताज महल स्नान करीत असे. आहुखान्याच्या बागेत तिचा देह सहा महिने होता. त्याच बागेत औरंगजेबाने हिराबाईला पाहिले आणि शहजाद्याचे भान हरपले. महाल गुलारा हा गुलारा नावाच्या गायिकेसाठी. पाहुणा खूश, वाटाड्या खूश, आणि आपणही यजमानकृत्य पार पडले म्हणून खूश.

या गोष्टी साऱ्याच खोट्या आहेत असे मुळीच नाही. मुमताज महल १७ जून १६३१ रोजी बुऱ्हाणपुरातच बाळंतपणात वारली, तिला जैनाबादेच्या बागेत तात्पुरते दफन केले आणि त्याच वर्षी डिसेंबरात तो देह आग्र्याला नेला, हा इतिहास आहे. हिराबाई जैनाबादीची हकीकतही फार्सी ग्रंथांत आहे. माझी तक्रार निराळी आहे. आमच्या गावच्या प्रत्येक दगडाला आम्ही एकेक बेगम चिकटवून ठेवली आहे, आणि त्या बेगमांच्या गर्दीत घराचा खरा धनी दिसेनासा झाला आहे. उतावलीच्या काठी शाहनवाजखानाची सुबक कबर आहे. तिला 'काला ताजमहल' म्हणतात. शाहनवाजखान वारला १६१९ साली, म्हणजे मुमताजच्या मृत्यूच्या बारा वर्षे आधी. पण नाव मात्र ताजमहालाचे! हमामाच्या छतात रंगवलेल्या एका इमारतीकडे बोट दाखवून 'हाच ताजचा नमुना' असे सांगतात, आणि माणसे मान उंच करून तेवढीच एक आकृती शोधतात. छतभर पसरलेली ती वेलबुट्टी, चुन्याच्या गिलाव्यावर धूर-काजळी सोसून टिकलेले ते रंग, मधल्या अष्टकोनी हौदाशी त्या घुमटाने साधलेले प्रमाण, यांकडे पाहायला मान खाली येईपर्यंत सवड कोणाला?

वास्तूची समीक्षा करताना एक प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही असे मला वाटते. या घरात काय ठेवले होते? घर म्हणजे नुसत्या भिंती नव्हेत. ज्याने ते बांधले किंवा त्यात आयुष्य काढले त्याने आपल्या आवडीच्या कोणत्या वस्तू तेथे जमवल्या, कोणाकडून करवून घेतल्या, कोणाला दाखवल्या, हे कळल्याखेरीज त्या घराची अभिरुची कळत नाही. युरोपात हे शास्त्रच होऊन बसले आहे. सोळाव्या शतकात इटलीत आंद्रेआ पल्लादिओने (१५०८–१५८०) प्राचीन रोमन वास्तूंची मोजमापे घेऊन श्रीमंतांसाठी शेतावरची घरे बांधली. खांबांची रांग, त्यावर त्रिकोणी माथा, मधोमध अक्ष, डावीकडे जे तेच उजवीकडे. १५७० साली त्याने आपल्या वास्तुविचारांचे चार खंड छापले आणि पुढे दीडशे वर्षांनी इंग्लंडातले जमीनदार ते पोथीसारखे उघडून बसले. गावापासून दूर, आपल्या जमिनीच्या मधोमध त्यांनी तशीच घरे उठवली आणि इटलीच्या प्रवासात मिळवलेली चित्रे व संगमरवरी पुतळे त्यांत मांडले. दालन कोणत्या आकाराचे हवे, हे पुष्कळदा आत काय टांगायचे यावरून ठरत असे.

यांतल्या एका घराची हकीकत आपल्याला उपयोगी आहे म्हणून सांगतो. इंग्लंडचा पहिला पंतप्रधान म्हणून ज्याला ओळखतात त्या रॉबर्ट वॉल्पोलने नॉरफोक परगण्यात हॉटन हॉल बांधला. आतली सजावट विल्यम केंटची. वॉल्पोलचा चित्रसंग्रह त्या काळी इंग्लंडात नावाजलेला होता. तो १७४५ साली वारला, मागे कर्ज राहिले, आणि नातवाने १७७९ साली दोनशेवर चित्रे रशियाच्या कॅथरीन सम्राज्ञीला विकली. घर उरले, चित्रे सेंट पीटर्सबर्गला गेली. पुढे २०१३ साली काय घडावे? त्यांतली सुमारे सत्तर चित्रे काही महिन्यांसाठी हॉटनला परत आणून जुन्या जागी टांगली. कोणते चित्र कोणत्या भिंतीवर होते त्याचे जुने आराखडे सापडले होते, त्यामुळे हे साधले. लोक लांबून लांबून पाहायला गेले. सव्वादोनशे वर्षांनी त्या दालनांना पुन्हा अर्थ आला.

आता आपल्या गावाकडे येऊ. आपल्याकडे असा संग्रह होता का? होता. आणि त्याचा धनी होता अब्दुर रहीम खानखानान. आमच्या शाळांतली मुले त्याला ओळखतात ते हिंदीच्या पुस्तकातले दोहे पाठ करण्यापुरते. आणि तो आपल्याच गावात राहिला होता असे वर्गात सांगितले की मागच्या बाकावरची मुलेदेखील क्षणभर गप्प होतात. जन्म १५५६, लाहोर. वडील बैरामखान गुजरातेत पाटणला मारले गेले तेव्हा हा पाच वर्षांच्या आतला. अकबराने त्याला वाढवले. बाबराच्या तुर्की आत्मचरित्राचे फार्सी भाषांतर करून त्याने १५८९ साली बादशहाला सादर केले. जानेवारी १६०१ मध्ये असीरगड पडला, फारुकींचे खानदेशचे राज्य मोगलांत विलीन झाले आणि बुऱ्हाणपूर हे दख्खनच्या कारभाराचे ठाणे बनले. रहीमच्या आयुष्याचा उत्तरार्ध बहुतेक दख्खनच्या मोहिमांत गेला, आणि त्यांतली बरीच वर्षे याच गावात. ज्याला आपण कुंडी भंडारा म्हणतो ती जमिनीखालून पाणी आणणारी योजना त्याच्याच काळची, १६१५ ची. पाण्याची ही गोष्ट आमच्याकडे आवर्जून सांगतात, ते ठीकच आहे. पण पाणी आणणाऱ्या या माणसाने पुस्तकेही आणली होती, चित्रकार आणले होते, हे कोणी सांगत नाही.

अब्दुल बाकी नहावंदी नावाचा इराणी विद्वान बुऱ्हाणपुरात रहीमच्या आश्रयाला आला आणि १६१६ साली त्याने 'मआसिरे रहीमी' हा मोठा ग्रंथ पुरा केला. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने विसाव्या शतकात तो छापला आहे. त्यात स्तुती पुष्कळ आहे, आश्रिताने केलेली स्तुती जेवढी असावी तेवढी आहे. परंतु तिच्या आड एका कुतुबखान्याचे वर्णन आहे. तेथे नुसत्या पोथ्या ठेवलेल्या नव्हत्या. सुलेखनकार, चित्रकार, सोन्याचे पाणी देणारे, पुठ्ठे बांधणारे असे कारागीर कामावर होते. मुश्फिक, मियां नदीम, माधव ही चित्रकारांची नावे त्यात येतात. माधव आणि नदीम एका छताखाली, एका धन्याच्या पगारावर. आपल्या गावाची एवढी एक ओळ पाठ्यपुस्तकात यायला हवी होती.

मग प्रश्न पडतो, की हॉटनच्या लोकांना आपण काय गमावले ते ठाऊक होते आणि आपल्याला ते ठाऊकदेखील का नाही? मला याचे उत्तर वास्तूतच दिसते. युरोपी घरात चित्र भिंतीवर असते. ते काढून नेले की खिळा उरतो, चौकटीचा डाग उरतो, रिकामी जागा डोळ्यांत सलते. मोगल घरात चित्र भिंतीवर नसून पोथीत असे. पोथी पेटीत, पेटी कोनाड्यात वा कुतुबखान्यात. धनी बैठकीत बसला की ती उघडली जाई, मांडीवर किंवा रेहालावर. चार माणसे वाकून पाहात. मग पुन्हा पुठ्ठ्यात बंद. भिंतीची शोभा पडद्यांची आणि जमिनीची शोभा गालिच्यांची. तेही सारे गुंडाळून उंटावर घालता येण्यासारखे. असा संग्रह गेला तर मागे खूणच राहात नाही. बारादरी जशीच्या तशी उभी. बाराही दारांतून वारा वाहतो. रिकामेपण लक्षात आले नाही म्हणून ते कथांनी भरून निघाले. बेगमा तेथे आल्या त्या अशा.

आहुखान्याचेच पाहा. आहु म्हणजे हरीण. शहजादा दानियालच्या शिकारीच्या शौकाशी हे नाव जोडलेले आहे. हा दानियाल रहीमचा जावई, आणि तो १६०५ साली बुऱ्हाणपुरातच मेला. नदीच्या या काठावर किल्ला, त्या काठावर बाग; राजधानीतल्या दगदगीतून नावेत बसून पलीकडे जायचे, असे हे खरेखुरे गावाबाहेरचे घर. समोरासमोर दोन इमारती आणि मध्ये हौद. पल्लादिओच्या व्हिलांची छायाचित्रे पाहिली की मला हा आहुखाना आठवतो. तोच मधला अक्ष, तेच डाव्या-उजव्याचे इमान, वास्तूच्या आधी मोकळ्या जागेचा विचार करण्याची तीच शिस्त. फरक एवढाच की तिकडे खांबांवर दगडी त्रिकोण आहे आणि इकडे त्या जागी पाण्यातले प्रतिबिंब आहे. 'अभिजात वास्तू' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लगेच ग्रीक खांब उभे राहतात. ही आपली शाळेत लागलेली सवय आहे आणि ती लावणाऱ्यांत आम्ही मास्तरमंडळीच पुढे आहोत. आज त्या हौदात पाण्याऐवजी गवत असेल, गिलावा उडालेला असेल, तरी प्रमाण मोडलेले नाही. हे प्रमाण पाहायला जायचे. मुमताजसाठी हळहळायचे असेल तर तेही करावे, पण आधी नव्हे.

आता पोथ्या. रहीमच्या संग्रहातले सर्वांत मोठे रत्न म्हणजे वाल्मीकि रामायणाची सचित्र फार्सी प्रत. अकबराने संस्कृतातून करवून घेतलेल्या भाषांतराची बादशाही प्रत १५८८ च्या सुमारास पुरी झाली. ती जयपूरच्या राजसंग्रहात आहे. रहीमने आपल्यासाठी तशी प्रत तयार करवण्याची परवानगी बादशहाकडे मागितली, आणि त्याच्या प्रतीचे काम १५९८-९९ पर्यंत चालले. हे सारे त्याने स्वतःच्या हस्ताक्षरात पोथीच्या आरंभी लिहून ठेवले आहे. तारखा नीट पाहिल्या तर एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे: ही पोथी पुरी झाली तेव्हा असीरगड अजून फारुकींकडेच होता. तेव्हा 'बुऱ्हाणपूरचे रामायण' अशी पाटी लावण्याचा मोह आपण टाळावा. पण धन्याबरोबर त्याची चित्रशाळाही चाले, आणि तिचा सर्वांत दीर्घ मुक्काम आपल्या गावात झाला, हे खरे.

या पोथीत १३० चित्रे आहेत. बादशाही चित्रशाळेत एका चित्रावर पुष्कळदा दोन-तीन हात फिरत. एकाने आखणी करावी, दुसऱ्याने रंग भरावा, तिसऱ्याने चेहरे काढावेत. रहीमच्या पोथीत बहुधा एक चित्र एकाच हातचे असते. श्यामसुंदर, गोवर्धन, मुश्फिक, गुलामअली, कासिम, कमाल अशी नावे त्यात दिसतात. यामुळे बादशाही चित्रांची झळाळी आणि सफाई येथे कमी आहे, हे कोणीही जाणकार पहिल्या नजरेत सांगेल. काही चित्रे सपाट आहेत, काही घाईची वाटतात. तरीही मला ही चित्रे जवळची वाटतात. एका हातचे काम असल्यामुळे त्यात बोलणाऱ्याचा आवाज ऐकू येतो. राक्षस काढायचे तर ते इराणी कथांतल्या देवांसारखे, शिंगे असलेले. अयोध्या काढायची तर छत्र्या, गवाक्ष, कनाती असलेली, म्हणजे चित्रकाराने रोज पाहिलेल्या मोगल हवेल्यांसारखी. आपल्या ओसाड बारादरीत कोणत्या तऱ्हेचे पडदे असतील, गालिचे कसे अंथरत असतील, माणसे कोठे बसत नि सेवक कोठे उभे राहात असतील, याचे उत्तर हवे असेल तर दशरथाच्या दरबाराचे चित्र पाहावे. घरातून पोथी गेली खरी, पण त्या तऱ्हेचे घर पोथीत राहिले आहे.

ही पोथी आज अमेरिकेत वॉशिंग्टनला आहे. हॅना नावाच्या एका इंग्रज कर्नलने हिंदुस्थानात चित्रे जमवली होती. तो संग्रह चार्ल्स फ्रीअर या अमेरिकन धनिकाने १९०७ साली विकत घेतला आणि पुढे आपल्या राष्ट्राला दिला. त्याहून अधिक नवल दुसऱ्या एका संग्रहाचे. विल्यम लॉड हा कँटरबरीचा आर्चबिशप. त्याने ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाला पोथ्या दिल्या, त्यांत रागमालेची अठरा चित्रे असलेला एक चित्रसंग्रह होता. हे दान १६४० चे, आणि पाच वर्षांनी या धर्मगुरूचा शिरच्छेद झाला. युरोपात फार लवकर पोहोचलेल्या भारतीय चित्रांत या रागमालेची गणना होते. आणि जॉन सेलर या अभ्यासकाने १९९९ साली आपल्या ग्रंथात ती रहीमच्या चित्रशाळेतली असल्याचे दाखवून दिले आहे. १६१६-१७ सालच्या फार्सी महाभारताची एक प्रतही याच चित्रशाळेची मानतात. ती तर पोथी म्हणून उरलीच नाही. पाने सुटी करून विकली गेली आणि आज ती अनेक देशांच्या संग्रहालयांत एक-एक, दोन-दोन अशी आहेत. हे वर्ष ध्यानात घ्या. तेव्हा रहीम बुऱ्हाणपुरात होता, नहावंदी आपला ग्रंथ पुरा करीत होता, इंग्रज वकील सर टॉमस रो वर्षभरापूर्वीच येथून शहजादा परवेझला भेटून गेला होता.

संग्रह फुटला कसा, याची गोष्ट थोडक्यात सांगण्याजोगी आहे, कारण ती सुखाची नाही. शाहनवाज गेला तेव्हा रहीम साठी ओलांडून गेला होता. पुढे शहजादा शाहजहानने बापाविरुद्ध बंड केले आणि म्हातारा त्यात सापडला. मालमत्ता गेली, मुलगा दाराबखान १६२५ साली मारला गेला, आणि १६२७ मध्ये रहीमने दिल्लीत देह ठेवला. दिल्लीच्या निजामुद्दीन भागात आपल्या पत्नीसाठी त्याने बांधलेल्या कबरीत तोही आहे. आगाखान न्यासाने तिची दुरुस्ती २०२० साली पुरी केली. तेथे आता माणसे जातात. तीच आपुलकी त्याच्या जगण्याच्या गावाला मिळायला हरकत नव्हती.

आपण मराठी माणसे या गावाकडे कोणत्या नजरेने पाहतो, हेही एकदा बोलले पाहिजे. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात बुऱ्हाणपूर येते ते १६८१ साली संभाजीराजांच्या फौजेने बहादूरपुरा लुटला म्हणून, मिर्झाराजा जयसिंग १६६७ साली येथे मेला म्हणून, आणि उदगीरनंतर १७६० साली हा मुलूख निजामाकडून पेशव्यांकडे आला म्हणून. म्हणजे लूट, मृत्यू आणि तह. तापीकाठची राजाची छत्री पाहताना पुरंदरचा तह आठवतो. तिचे खांब मोजायचे राहून जातात. घरात मराठी, बाजारात हिंदी, कागदावर हिंदी, अशी आपली तीन पिढ्यांची वहिवाट. त्यामुळे गावाचा इतिहास 'त्यांचा' आणि शिवकाल 'आपला', अशी वाटणी मनात नकळत झालेली असते. पण जामा मशिदीत जाऊन पाहावे. आदिलशाह फारुकीने ती बांधली तेव्हा आत अरबी लेखाबरोबर संस्कृत लेखही कोरवला. त्यात विक्रम संवत १६४६ आणि शके १५११ अशी दोन्ही वर्षे दिली आहेत. संवत तापीच्या वरच्या अंगाचा, शके खालच्या अंगाचा. दोन भाषांच्या आणि दोन पंचांगांच्या मधोमध राहणे हे या गावाचे आपल्यामुळे सुरू झालेले नाही. ते आधीच होते, आणि रामायण फार्सीत वाचणारा खानखानान अशाच गावात रमणार होता.

घर आणि संग्रह यांची फारकत केवळ मोगलांच्याच नशिबी होती असे कोणाला वाटत असेल तर त्याने याच रस्त्याने उत्तरेला इंदूरला जावे. होळकरांचा लालबाग वाडा १८८६ साली सुरू झाला आणि तिसऱ्या तुकोजीरावांच्या कारकिर्दीत १९२१ मध्ये पुरा झाला. दरवाजे लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या धर्तीवर, आत इटालियन संगमरवराचे खांब, छतावर ग्रीक देवदेवता. स्पष्ट बोलायचे तर लालबाग मला कधीच रुचला नाही. तेथे अभिजात वास्तुशैली आहे, पण ती अंगरख्यासारखी आहे. मापाने शिवलेली, तरी दुसऱ्याच्या मापाने. पुढच्या पिढीत यशवंतराव होळकरांनी नेमके उलटे केले. एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुकाराकडून त्यांनी १९३० ते १९३३ या काळात माणिकबाग बांधून घेतला. ना खांब ना देवदेवता. साध्या रेषांचे घर, आणि आत त्या काळच्या युरोपातल्या श्रेष्ठ कारागिरांचे फर्निचर. ब्रांकुशी या शिल्पकाराकडून त्यांनी 'अवकाशातला पक्षी' हे शिल्प तीनदा घेतले: एक पांढऱ्या संगमरवरात, एक काळ्या संगमरवरात, एक ब्राँझमध्ये. त्यांच्यासाठी इंदुरात ध्यानमंदिर बांधायचे ठरले होते, ब्रांकुशी त्यासाठी इंदूरला आलाही होता. मंदिर झाले नाही. पंचविशीतल्या एका मराठी राजाने ही निवड करावी, हे आजही विस्मयकारक वाटते. आज दोन संगमरवरी पक्षी ऑस्ट्रेलियात कॅनबेऱ्याला आणि ब्राँझचा कॅलिफोर्नियात आहे. उरलेल्या फर्निचरचा लिलाव १९८० साली मोनॅकोत झाला. माणिकबागेत १९७० च्या दशकापासून केंद्रीय कर खात्याचे कार्यालय आहे. २०१९ साली पॅरिसमध्ये या संग्रहाचे मोठे प्रदर्शन भरले. इंदूरच्या मराठी घरांतून त्याची चर्चा झाल्याचे माझ्या तरी कानावर आले नाही.

उलट उदाहरण आपल्याकडे आहे आणि ते सातारा जिल्ह्यात औंधला आहे. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचे संस्थान लहान, उत्पन्न बेताचे. स्वतः चित्रे काढत, जमवत. पण त्यांनी आपला संग्रह वाड्यात कोंडला नाही; १९३८ साली टेकडीवर त्यासाठी स्वतंत्र संग्रहालय उभे केले. रविवर्मा आहे, धुरंधर आहेत, हेन्री मूरचे 'माता आणि मूल' आहे. संस्थान १९४८ साली विलीन झाले तरी चित्रे जागची हलली नाहीत, कारण ती तोवर एका माणसाची राहिलीच नव्हती. औंधची इमारत काही वास्तुकलेचा चमत्कार नाही. साधी आहे, थोडी शाळेसारखी आहे. होळकरांपाशी पैसा औंधच्या कितीतरी पट होता आणि जाणही कमी नव्हती. एक गोष्ट मात्र औंधच्या राजांना आधी सुचली.

रहीमची पोथी वॉशिंग्टनहून मागा, असे मी म्हणणार नाही. ती तेथे नीट आहे, आणि आपल्या किल्ल्यातल्या पावसाळी ओलीत ती एक आषाढ टिकणार नाही. पण २०२० सालापासून त्या संग्रहालयाने आपल्या वस्तूंची छायाचित्रे साऱ्या जगाला मोफत खुली केली आहेत. शाळेच्या संगणकावर ती उघडतात, उतरवून घेता येतात, छापायला कोणाची परवानगी लागत नाही. बुऱ्हाणपुरात लग्नाच्या पत्रिका आणि निवडणुकीचे फलक छापणारी यंत्रे दिवसरात्र चालतात. त्यांतल्या एकावर वीस-पंचवीस चित्रे चांगल्या कागदावर छापून एखाद्या कोरड्या, बंद खोलीत मांडायला किती खर्च येईल? एका गणपती मंडळाच्या विजेच्या रोषणाईएवढादेखील नाही. खाली तीन भाषांत दोन-दोन ओळी: चित्रकाराचे नाव, रामायणातला प्रसंग, आणि ही पोथी कोणी करवली. सुरुवातीला श्यामसुंदरचे एखादे चित्र असावे. त्याच्या शेजारी मुश्फिकचे.